इंग्लंडची यादवी : धर्माची सक्ती नेमकी करत कोण होतं, आणि सूट कोणाला होती?

शंकासुर

१६४० च्या दशकातल्या, राजाविरुद्ध पार्लमेंट अशा यादवीतल्या इंग्लंडबद्दल वाचताना एकाच प्रकरणात तीन विधानं भेटतात. पार्लमेंटने बिशप हटवून देशभर प्रेस्बिटेरियन पद्धत (चर्चचा कारभार पाळक आणि निवडलेल्या ज्येष्ठांच्या सभांकडे) लादली. पार्लमेंटचा सेनानी आणि पुढे राज्यप्रमुख झालेल्या क्रॉमवेलने सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य दिलं. आणि त्याच मंडळींनी नाताळ बंद केला. आता हे तिन्ही एका दशकात कसं बसवायचं? माझे प्रश्न असे : कायद्याने नेमकी काय सक्ती होती आणि दंड किती? एखादा माणूस रविवारी चर्चला गेलाच नाही तर त्याला पकडणारं कोण? आणि १६५० च्या ज्या कायद्याला 'सहिष्णुतेचा' म्हणतात, त्याने सूट कोणाकोणाला मिळाली? 'युरोपातला प्रबोधनाचा काळ' छापाची उत्तरं नकोत. तारखा, रकमा, नावं द्या.

दप्तरदार

आधी नियम आणि यंत्रणा वेगळी करा, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

नियम एलिझाबेथच्या काळातला. १५५९ च्या एकरूपता कायद्याने रविवारी आणि सणाला पॅरिशच्या (म्हणजे आपल्या गावच्या वा वस्तीच्या) चर्चमध्ये हजर राहणं बंधनकारक होतं. एका गैरहजेरीला १२ पेन्स दंड, म्हणजे एक शिलिंग. मजुराची दिवसाची मजुरी साधारण ८ ते १२ पेन्स धरा, म्हणजे एका रविवारचा दंड हा जवळपास एका दिवसाचा रोजगार. १५८१ मध्ये कॅथलिकांना डोळ्यासमोर ठेवून हाच दंड महिन्याला २० पौंड केला गेला. ही रक्कम जमीनदारालाही बुडवणारी होती.

आता पकडणारं कोण? गावातले चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चची व्यवस्था बघणारे गावकरी. त्यांनी गैरहजर लोकांची, प्रभुभोजन (भाकरी-द्राक्षारसाचा विधी) न घेणाऱ्यांची, पाळकाशी भांडणाऱ्यांची यादी आर्चडीकनच्या (बिशपच्या हाताखालच्या अधिकाऱ्याच्या) न्यायालयात द्यायची. तिथून समन्स, मग प्रायश्चित्त, नाहीतर बहिष्कार. या सगळ्याच्या माथ्यावर हाय कमिशन, म्हणजे दंड आणि तुरुंग दोन्ही देऊ शकणारं धार्मिक न्यायालय. आर्चबिशप लॉडने १६३० च्या दशकात वेदीभोवती कठडे बांधायला लावले, ते याच यंत्रणेच्या जोरावर.

ती यंत्रणा जुलै १६४१ मध्ये पार्लमेंटने मोडली. हाय कमिशन रद्द करणाऱ्या कायद्यातच एक कलम असं होतं की चर्चच्या कोणत्याही न्यायालयाला दंड वा शिक्षा देता येणार नाही. लक्षात घ्या, यादवीला अजून वर्षभर अवकाश आहे. राजाने नॉटिंगहॅमला निशाण उभारलं ते २२ ऑगस्ट १६४२ रोजी. आणि पॅरिशच्या चर्चमधल्या हजेरीचा नियम रद्द झाला थेट सप्टेंबर १६५० मध्ये. म्हणजे नऊ वर्षं नियम पुस्तकात शाबूत, पण चर्चवॉर्डनने यादी द्यायची तर कोणाच्या टेबलावर? गावचा जस्टिस ऑफ द पीस (स्थानिक दंडाधिकारी) मनात आणलं तर दंड करू शकत होता, पण बऱ्याच जिल्ह्यांत तो स्वतःच कोणत्या तरी सैन्यात नाहीतर लपून होता.

पार्लमेंटने नवी सक्ती आणली ती शपथांच्या रूपाने. मे १६४१ ची 'प्रोटेस्टेशन' ही प्रोटेस्टंट धर्माच्या रक्षणाची शपथ १६४२ च्या सुरुवातीला गावोगावी १८ वर्षांवरच्या पुरुषांपुढे ठेवली गेली, नकार देणाऱ्यांची नावं वेगळी लिहिली. बहुतेक ठिकाणी ती कॅथलिकांची यादीच झाली. त्यानंतर स्कॉटलंडशी केलेला पवित्र करार : कॉमन्स सभागृहाने तो २५ सप्टेंबर १६४३ रोजी घेतला, आणि फेब्रुवारी १६४४ पासून १८ वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांकडून घ्यायचा हुकूम निघाला.

आता उपासनेचं. जानेवारी १६४५ मध्ये जुनं प्रार्थनापुस्तक रद्द होऊन त्याजागी 'डिरेक्टरी' आली. दंड ठरला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. जुनं पुस्तक वापरलं तर पहिल्या वेळी ५ पौंड, दुसऱ्या वेळी १० पौंड, तिसऱ्या वेळी एक वर्ष तुरुंग. पाळकाने डिरेक्टरी वापरली नाही तर दर वेळी ४० शिलिंग. तिच्याविरुद्ध बोललं वा लिहिलं तर ५ पासून ५० पौंडांपर्यंत. वर्षाला ४० पौंडही हाती न पडणारे पाळक पुष्कळ होते, त्यांच्यासाठी हे आकडे लहान नव्हेत.

पण खरी गोम पुढे आहे. जुन्या पुस्तकात प्रार्थनेचा शब्द न् शब्द छापलेला. पाळकाने एक ओळ गाळली तरी मागच्या बाकावरचा माणूस ओळखेल. डिरेक्टरीत शब्द नाहीत, सूचना आहेत : अमुक पापांची कबुली द्यावी, अमुकांसाठी विनंती करावी, शब्द पाळकाचे. मग जुनी प्रार्थना तोंडपाठ म्हणणाऱ्याला धरायचं कशावरून? लिंकनशरमधले रॉबर्ट सँडरसन नेमकं हेच करत. पुस्तक हातात नाही, शब्द जरा इकडचे तिकडे, आशय जुनाच. हेच सँडरसन १६६० मध्ये बिशप झाले.

तिसरी घंटा

वरच्या प्रतिसादाला जोड. 'देशभर प्रेस्बिटेरियन पद्धत लादली' हे वाक्य कागदापुरतं खरं आहे. रचना चार मजली होती : पॅरिशमध्ये निवडलेले 'वडील' (मंडळीतले ज्येष्ठ गृहस्थ), त्यांच्यावर काही पॅरिश मिळून 'क्लासिस', मग प्रांतिक सभा, मग राष्ट्रीय सभा. लंडनची प्रांतिक सभा मे १६४७ मध्ये भरली. लँकशरचे नऊ क्लासिस पाडले आणि ते चालले. आणखी काही तुरळक जिल्हे. राष्ट्रीय सभा कधी भरलीच नाही.

घोडं अडलं ते प्रभुभोजनावर. अपात्र माणसाला मेजावरून परत पाठवायचा अधिकार वडिलांचा, असं धर्मपंडितांचं म्हणणं. पार्लमेंट म्हणे, कोणत्या पापांसाठी परत पाठवायचं ती यादी आम्ही करणार आणि शेवटचं अपील आमच्याकडेच. बिशपांचा जाच संपवून गल्लोगल्ली छोटे पोप बसवायची हौस पार्लमेंटमधल्या वकील मंडळींना नव्हती. चर्चची नवी रचना ठरवायला पार्लमेंटने बोलावलेल्या वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेला आलेले स्कॉटिश प्रतिनिधी रॉबर्ट बेली यांनी या व्यवस्थेला 'लंगडी' म्हटलं, ते याच कारणाने. परिणाम विचित्र झाला. अपात्राला रोखता येत नाही आणि सरसकट द्यायला मन धजत नाही, म्हणून अनेक पाळकांनी प्रभुभोजनच थांबवलं. काही गावांत वर्षानुवर्षं मेज मांडलंच गेलं नाही.

मनुष्यबळाची बाजूही बघा. यादवीच्या आणि नंतरच्या वर्षांत दोन हजारांहून जास्त पाळकांच्या जागा जप्त झाल्या. कारणं मिसळलेली असत : राजाची बाजू घेतली, करार नाकारला, दारू पितो, वेदीपुढे वाकतो. काढलेल्याच्या बायकामुलांना उत्पन्नाच्या एक पंचमांशापर्यंत रक्कम द्यायची तरतूद होती, तिला 'पाचवा हिस्सा' म्हणत. नवा पाळक तो द्यायला टाळाटाळ करी आणि तक्रारी समितीकडे जात. ज्या गावात जुना आणि नवा पाळक दोघेही हयात, तिथे नवी उपासना रुजवणं किती सोपं असेल ते तुम्हीच बघा.

शंकासुर

यंत्रणा मोडली हे पटलं. पण मग क्रॉमवेल आणि 'स्वतंत्र मंडळ्या' (वरच्या कोणत्याही सभेचा ताबा न मानणाऱ्या) कुठून शिरल्या? नुसत्या पोकळीतून?

दप्तरदार

पोकळी अधिक बंदुका.

१६४३ च्या उन्हाळ्यात पार्लमेंट हरत होतं. स्कॉटिश फौज हवी होती आणि तिची किंमत होती धर्माचा करार. पार्लमेंटच्या बाजूने वाटाघाटी करणाऱ्या हेन्री व्हेनने मसुद्यात शब्द घुसवले : इंग्लंडच्या चर्चची सुधारणा 'देवाच्या वचनानुसार आणि सर्वोत्तम सुधारित चर्चच्या उदाहरणानुसार' होईल. स्कॉट लोकांना वाटलं, सर्वोत्तम म्हणजे अर्थात आम्ही. व्हेनच्या गटाने दार किलकिलं ठेवलं. पुढची चार वर्षं दोन्ही बाजू याच वाक्यावर भांडल्या.

सैन्यात प्रश्न रोजचा होता. मार्च १६४४ मध्ये मेजर-जनरल क्रॉफर्डने एका अधिकाऱ्याला बाप्तिस्मावादी (बालबाप्तिस्मा न मानणारा) म्हणून अडकवलं, तेव्हा क्रॉमवेलने त्याला लिहिलं की माणसं निवडताना राज्य त्यांची मतं बघत नाही, इमानाने चाकरी करायची तयारी असली की पुरे. हे वाक्य सगळे उद्धृत करतात. मला त्याहून बोलकं वाटतं ते १४ जून १६४५ चं, राजाच्या सैन्यावरच्या नेसबीच्या विजयानंतर सभापतींना धाडलेलं पत्र. त्यात शेवटी मागणी होती : देशाच्या स्वातंत्र्यासाठी जो जीव धोक्यात घालतो, त्याला सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य मिळावं. कॉमन्सने पत्र छापलं, हा भाग वगळून. सप्टेंबरात राजाच्या ताब्यातलं ब्रिस्टल पडलं, तेव्हाच्या पत्राचीही तीच गत. विजय हवा होता, विजय मिळवणाऱ्यांचं म्हणणं नको होतं.

एप्रिल १६४५ मध्ये पार्लमेंटने हुकूम काढला की दीक्षा न घेतलेल्या कोणी प्रवचन करायचं नाही, आणि तो सैन्यात लागू करायला सेनापती फेअरफॅक्सकडे पाठवला. सैन्यात शिपाई प्रवचनं करतच राहिले. मे १६४८ चा ईश्वरनिंदेचा वटहुकूम तर फार कडक : त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) नाकारणाऱ्याला मृत्युदंड, बालबाप्तिस्मा अवैध म्हणणाऱ्याने जामीन देईपर्यंत तुरुंगात. त्याच महिन्यात दुसरी यादवी भडकली आणि पार्लमेंटला पुन्हा त्याच बालबाप्तिस्मा न मानणाऱ्या शिपायांची गरज पडली. ६ डिसेंबर १६४८ रोजी कर्नल प्राइडने सभागृहाच्या दारात उभं राहून सदस्य गाळले, त्यात वटहुकूमाचे पाठीराखेच जास्त होते.

निदण

थोडा विरोध नोंदवतो. सगळं 'गरज' आणि 'बंदुका' यावर टाकलं की तारखा जुळत नाहीत. पार्लमेंटचं नव्या धर्तीचं सैन्य उभं राहिलं १६४५ मध्ये. पण सहिष्णुतेचा युक्तिवाद १६४४ मध्येच पुरता मांडून झाला होता, आणि मांडणाऱ्यांच्या हातात काहीच नव्हतं. जानेवारीत धर्मसभेतले पाच असहमत पाळक (गुडविन, नाय, सिम्प्सन, बरोज, ब्रिज) यांनी स्वतंत्र मंडळ्यांची बाजू छापली. त्यांची मागणी अगदी माफक, स्वतःपुरती. जुलैत रॉजर विल्यम्सचं पुस्तक आलं. तो ऱ्होड आयलंडची सनद मिळवायला लंडनमध्ये होता. त्याचा आधार मत्तयाच्या शुभवर्तमानातला गहू आणि निदणाचा (तणाचा) दाखला : शेत म्हणजे चर्च नव्हे, जग. निदण कापणीपर्यंत वाढू द्यायचं, कारण आत्ता उपटायला गेलात तर गहूही उपटला जाईल. म्हणून यहुदी, तुर्क, कॅथलिक, कोणावरही राज्याने धर्मासाठी हात टाकू नये. ऑगस्टमध्ये कॉमन्सच्या हुकूमाने पुस्तक जाळलं. विल्यम वॉल्विननेही त्याच वर्षी लिहिलं. त्याचा मुद्दा साधा होता : बुद्धीला जे पटतं ते पटतंच, ती काही ऐच्छिक क्रिया नाही, मग तिच्यासाठी शिक्षा कसली? नोव्हेंबरात मिल्टनने छपाईच्या परवान्याविरुद्ध लिहिलं, पण त्याने कॅथलिकांना बाहेरच ठेवलं.

हेच विचार १६४७ च्या शरद ऋतूत लंडनजवळच्या पटनीला सैन्याच्या चर्चेत 'लोकांचा करारनामा' म्हणून आले : धर्म ही बाब कोणत्याही मानवी सत्तेकडे सोपवलेलीच नाही. दारूगोळा सैन्याचा खरा, पण वात आधीच वळून ठेवलेली होती.

आता १६५० च्या कायद्याकडे, कारण मूळ प्रश्न तो आहे. २७ सप्टेंबर १६५०. पॅरिशच्या चर्चला न जाण्याचे जुने दंड रद्द. पण रविवारी घरी लोळत पडायची मुभा नाही, कुठे ना कुठे प्रार्थनेला वा प्रवचनाला जायलाच हवं. आणि त्याआधी सातच आठवडे, ९ ऑगस्टला, ईश्वरनिंदेचा नवा कायदा झाला होता, 'रँटर' (पाप-पुण्याचे नियम मानत नाहीत असा आरोप असलेले) म्हणवल्या जाणाऱ्यांवर रोख धरून : पहिल्यांदा सहा महिने कैद, दुसऱ्यांदा हद्दपारी, परत आलात तर फाशी. दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचा, एकटा वाचलात तर फसाल.

क्रॉमवेलला 'संरक्षक' म्हणजे राज्यप्रमुख करणाऱ्या डिसेंबर १६५३ च्या राज्यघटनेत हे आणखी स्पष्ट आहे. ३६ वं कलम : राज्याने मानलेल्या पंथात कोणालाही दंडाने ओढायचं नाही. ३७ वं : येशू ख्रिस्ताद्वारे देवावर श्रद्धा ठेवणाऱ्यांना, मतभेद असले तरी, संरक्षण. लगेच पुढे अपवाद : कॅथलिक पंथ, बिशपांचा पंथ, आणि ख्रिस्ताच्या नावाखाली स्वैराचार करणारे.

दशमांश (पाळकाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग) मात्र कायम राहिला. क्वेकर मंडळी (पाळक आणि ठरावीक विधी न मानणारा पंथ) तुरुंगात गेली ती बऱ्याचदा मतासाठी नव्हे. दशमांश नाकारला, न्यायाधीशापुढे टोपी काढली नाही, शपथ घेतली नाही, चालू प्रवचनात उभं राहून पाळकाला टोकलं, अशा कलमांखाली. ३७ व्या कलमाला धक्का न लावता हे सगळं करता येत होतं.

कलमाची परीक्षा झाली जेम्स नेलरच्या प्रकरणात. ऑक्टोबर १६५६ मध्ये हा क्वेकर पावसात घोड्यावरून ब्रिस्टलमध्ये शिरला, सोबतचे 'पवित्र, पवित्र' गात होते, झावळ्यांच्या रविवारची (येशू यरुशलेमात शिरला त्या दिवसाची) आठवण व्हावी असं. पार्लमेंटने स्वतःच न्यायालय होऊन खटला चालवला. मृत्युदंडाचा ठराव ९६ विरुद्ध ८२ मतांनी पडला. मग शिक्षा ठरली : खोड्यात उभं करणं, ३१० फटके, जीभ तापल्या सळईने भोसकणं, कपाळावर ईश्वरनिंदकाचं अक्षर डागणं, पुढे कैद. क्रॉमवेलने सभागृहाला विचारलं, हे कोणत्या अधिकाराने केलंत? शिक्षा काही थांबली नाही.

कोपऱ्यातला वाचक

कॅथलिकांचं प्रकरण राहिलं. ते 'सूट नव्हती' या दोन शब्दांत उरकू नका, तिथला हिशेब वेगळा आहे. १६४३ पासून शपथ होती : पोपची सत्ता नाकारा, प्रभुभोजनात भाकरीचं ख्रिस्ताचं शरीर होतं हे नाकारा, शुद्धिस्थान (मृत्यूनंतर आत्मे शुद्ध होतात ती जागा) नाकारा. नकार दिला की मालमत्तेचा दोन तृतीयांश भाग जप्त. शस्त्र उचलायची गरज नाही, नुसता नकार पुरे. १६५० मध्ये महिन्याचे २० पौंड गेले, पण दोन तृतीयांश राहिलेच, आणि १६५७ मध्ये शपथ पुन्हा कायद्याने आणली. शिवाय कॅथलिक धर्मगुरू असणं हाच राजद्रोह, हा १५८५ चा कायदा तसाच होता. त्याखाली जॉन साउथवर्थला २८ जून १६५४ रोजी लंडनमध्ये देहान्त दिला. तरीही क्रॉमवेलच्या संरक्षकपदाच्या काळात याच एका कारणासाठी मारलेला धर्मगुरू तो एकटाच.

आयर्लंडबद्दल क्रॉमवेलचं स्वतःचं वाक्य आहे, ऑक्टोबर १६४९ मध्ये न्यू रॉसच्या किल्लेदाराला दिलेलं उत्तर. भावार्थ असा : मी कोणाच्या सदसद्विवेकात हात घालत नाही, पण त्याचा अर्थ मिस्सा (कॅथलिक उपासना) म्हणायचं स्वातंत्र्य असा घेत असाल तर सरळ सांगतो, जिथे इंग्लंडच्या पार्लमेंटची सत्ता आहे तिथे ते चालू दिलं जाणार नाही. डोक्यात काय आहे ते तुमचं, हाताने काय करता ते आमचं. ३७ वं कलम वाचताना हे उत्तर शेजारी ठेवा.

यहुद्यांचं उलट. डिसेंबर १६५५ मध्ये यहुद्यांना इंग्लंडात राहू द्यावं अशा, यहुदी धर्मगुरू मनश्शे बेन इस्राएलच्या अर्जावर व्हाइटहॉलमध्ये परिषद भरली, निर्णय न होताच उठली. न्यायाधीशांनी मात्र सांगून टाकलं होतं की यहुद्यांना येण्यापासून रोखणारा कायदाच नाही. १६५७ पर्यंत लंडनमध्ये सभास्थान आणि दफनभूमी दोन्ही होती. कसलाही कायदा न करता.

शंकासुर

आणि नाताळ?

तिसरी घंटा

८ जून १६४७ चा हुकूम. नाताळ, ईस्टर आणि बाकीचे सण रद्द. नोकर आणि शिकाऊ कामगारांची सुट्टी जाते म्हणून बदल्यात दर महिन्याचा दुसरा मंगळवार सुट्टीचा. त्या वर्षी कँटरबरीत २५ डिसेंबरला दुकानं उघडायला लावली, जमावाने उघडी दुकानं फोडली आणि दंगल झाली. प्रकरण विझलं नाही, १६४८ च्या केंटमधल्या उठावात त्याचे धागे सापडतात. १६५७ च्या नाताळला दैनंदिनीकार जॉन इव्हलिन लंडनच्या एक्झेटर हाउसच्या प्रार्थनाघरात प्रभुभोजन घेत असताना सैनिक शिरले, बंदुका रोखून उभे राहिले, पण विधी पुरा होऊ दिला. त्यानंतर चौकशी, आणि सोडून दिलं. सक्तीचं हे खरं माप आहे : राजधानीत, भर दिवसा, बंदी घातलेली उपासना पूर्ण होते.

दप्तरदार

शंकासुर, मूळ कागद वाचणार असाल तर तीन ठिकाणी पाय घसरतो. इंग्लंडमध्ये तेव्हा वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून डिरेक्टरीवरची तारीख 'जानेवारी १६४४' दिसली तर ती आपली १६४५. राजा असताना त्याच्या संमतीशिवाय निघालेले ते वटहुकूम, कायदे नव्हेत, आणि १६६० मध्ये राजा परतल्यावर त्यांना कोणी रद्दही करत बसलं नाही, ते मुळात नव्हतेच असं धरलं गेलं. आणि 'इंडिपेंडंट' हा शब्द कधी मंडळीच्या रचनेबद्दल असतो, कधी पार्लमेंटमधल्या गटाबद्दल. दोन्हींत तीच माणसं असतीलच असं नाही.

गावात खरं काय झालं हे शोधायचं तर चर्चवॉर्डनच्या हिशेबवह्या बघा. १६४५–४६ च्या खर्चात डिरेक्टरी घेतल्याची नोंद आहे का? पुष्कळ वह्यांत ती नाही. मग १६६०–६१ बघा, राजाची राजमुद्रा पुन्हा रंगवल्याचा खर्च बहुधा तिथेच असतो. त्याच पानावर प्रार्थनापुस्तकाची खरेदी नसेल तर जुनी प्रत कुणाच्या तरी पेटाऱ्यात जपलेली होती अशी शंका घ्यायला जागा आहे. १६६२ ची खरेदी मात्र पुराव्यात धरू नका. त्या वर्षी सुधारलेलं पुस्तक निघालं आणि २४ ऑगस्टपासून तेच सगळ्यांना सक्तीचं झालं, त्यामुळे जुनं जपलेल्यांनाही नवं विकत घ्यावंच लागलं.